घरचं बियाणं आणि पेटंटचा हक्क

मृग जवळ आला की कळंब तालुक्यात, मांजराकाठच्या काळ्या रानांत, सोयाबीनच्या बियाण्याची एक जुनी, बिनखर्चाची परीक्षा सुरू होते. मागच्या हंगामातल्या कट्ट्यातले 100 दाणे न निवडता मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचे आणि आठवडाभराने उलगडून मोड मोजायचे. 70 दाण्यांना चांगले मोड आले तर बियाणं पेरणीजोगं. त्याहून थोडे कमी आले तर एकरी प्रमाण वाढवायचं. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे, त्याचे वाण सरळ आहेत. म्हणून प्रमाणित बियाणं एकदा विकत घेतलं की पुढची दोन वर्षं घरचंच वापरा, असं कृषी खातंही सांगतं. या गोणपाटामागे संसदेचा एक कायदा आणि सरकारी पैशावर झालेलं अनेक वर्षांचं संशोधन उभं आहे, हे मात्र फारसं बोललं जात नाही.

त्या कायद्याची किंमत कळण्यासाठी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला एक खटला पाहावा. व्हर्नन बोमन या शेतकऱ्याने धान्याच्या कोठारातून, म्हणजे आपल्याकडच्या आडतीवरून घ्यावं तसं, सोयाबीन विकत घेतलं आणि उशिराच्या पेऱ्यासाठी वापरलं. त्या दाण्यांत मोन्सँटो या बियाणे कंपनीचं पेटंट असलेला, तणनाशक सोसणारा गुण होता. बोमनचं म्हणणं असं की माल एकदा विकला गेला की पेटंटवाल्याचा हक्क संपतो. 13 मे 2013 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या विरोधात निकाल दिला: विकत घेतलेला दाणा खा, विका, पण तो पेरून त्याच्या नव्या प्रती तयार करायचा हक्क तुम्हाला नाही. बोमनला 84 हजार डॉलरहून अधिक भरपाई भरावी लागली. कळंबच्या भुसार बाजारातून कट्टा आणून पेरणाऱ्यावर अशी वेळ येत नाही. आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(ञ) बियाण्यांना आणि वाणांना पेटंट नाकारतं. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने पैदासकाराला वाणावर हक्क दिला, पण त्याच कायद्याच्या कलम 39 ने संरक्षित वाणाचं बियाणंही राखायला, पेरायला, शेजाऱ्याला द्यायला, विकायलाही शेतकऱ्याला मोकळीक ठेवली. संरक्षित वाण असल्याचं लेबल लावलेल्या पाकिटात विकायचं नाही, एवढीच अट.

पण घरचं बियाणं स्वस्त आहे ते एकट्या कायद्यामुळे नाही. मराठवाड्याच्या रानांत वर्षानुवर्षं पेरला गेलेला जेएस-335 हा वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा. एमएयूएस-71 आणि एमएयूएस-612 हे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे. लातूर-धाराशिवकडे लोकांनी उचलून धरलेला केडीएस-726, म्हणजे फुले संगम, राहुरीच्या विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्रातला. संकर करणं, पिढ्यान्पिढ्या निवड करणं, वेगवेगळ्या रानांत चाचण्या घेणं, हा सगळा खर्च करदात्याने आधीच भरलेला आहे. नव्या शोधात महाग असतो तो पहिला दाणा. दुसरा दाणा निसर्ग जवळजवळ फुकट देतो. पहिल्या दाण्याचा खर्च कोणी आणि कसा भरायचा, एवढाच खरा प्रश्न आहे. पेटंट म्हणतं, पुढच्या प्रत्येक दाण्यावर ठरावीक वर्षं शुल्क लावून तो वसूल करा. सार्वजनिक संशोधनात तो आधीच भरून दाणा मोकळा सोडला जातो.

शुल्काच्या वाटेचा अनुभव महाराष्ट्राने कापसात घेतला. जालन्याच्या महिकोने मोन्सँटोच्या बोंडअळीरोधक जनुकावर आणलेल्या बीटी कापसाला मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीला 450 ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सोळाशे रुपयांच्या वर होती, आणि त्यातले तब्बल 1,250 रुपये केवळ त्या जनुकाचं शुल्क होतं. शिवाय आपल्याकडे हे जनुक संकरित वाणांतच आलं. संकरिताचे गुण पुढच्या पिढीत तसेच उतरत नाहीत, त्यामुळे कायद्याने हक्क असूनही कापूस उत्पादकाला बियाणं राखता येईना. दरवर्षी नवं पाकीट घेणं भाग पडलं. 2006 मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं आणि पाकीट 750 रुपयांवर आलं. महाराष्ट्राने 2009 मध्ये किंमत ठरवण्याचा स्वतःचा कायदा केला. पुढे डिसेंबर 2015 च्या केंद्रीय आदेशानंतर 2016 मध्ये शुल्क 49 रुपयांवर आणि 2020 मध्ये शून्यावर उतरलं.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सरकार असं शुल्क पुसून टाकू लागलं तर नवं तंत्रज्ञान कोण आणील? 2016 मध्ये मोन्सँटोने पुढच्या पिढीच्या कापसाचा परवानगीचा अर्ज मागे घेतलाच. दरम्यान गुलाबी बोंडअळी जुन्या जनुकाला पचवून बसली होती. 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाचं तिने काय केलं ते सर्वांनी पाहिलं. तणनाशक सोसणारं कापसाचं बियाणं बिनपरवाना विकलं जाऊ लागलं, आणि जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. शेतकऱ्याला नवं नको असतं, हा समज त्या दिवशी तरी खोटा ठरला. किमतीवरचा लगाम जुन्या शोधाला स्वस्त करतो, नवा शोध जन्माला घालत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. फक्त त्यावरून शुल्क पुन्हा चढवावं हा निष्कर्ष मला पटत नाही. लगाम लावणाऱ्या सरकारने ती रिकामी जागा स्वतःच्या प्रयोगशाळेतून भरायला हवी होती, आणि तिथे आपण कमी पडलो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने 2009 मध्ये बिकानेरी नरमा हा सरळ बीटी वाण आणला होता. त्याचं बियाणं राखता आलं असतं, तेही अगदी कमी पैशांत. पण त्यात मोन्सँटोच्या जनुकाची भेसळ आढळली आणि तो मागे घ्यावा लागला. सार्वजनिक संशोधन गलथानपणे झालं तर त्याची किंमत शेवटी शेतकरीच मोजतो, म्हणून त्याची बाजू घेणाऱ्यांनीच ही गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी.

सोयाबीनमध्येही सगळं आलबेल नाही. आपलं हेक्टरी उत्पादन जगाच्या सरासरीच्या निम्म्याच्याही खाली आहे. या दाण्याचं टरफल पातळ असतं. मळणीयंत्राचे फेरे जास्त झाले, कट्टा उंचावरून आदळला, की आतला अंकुर दुखावतो. 2019 च्या परतीच्या पावसात काढणीचं सोयाबीन भिजलं, आणि 2020 च्या जूनमध्ये मराठवाड्यात विकतचं बियाणंही अनेक ठिकाणी उगवलं नाही. दुबार पेरणीची पाळी आली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. वाण सांगितल्याप्रमाणे उतरला नाही तर भरपाई मागण्याची तरतूद 2001 च्या कायद्यात आहे, पण पेरणी साधायची घडी निघून गेल्यावर तिचा उपयोग किती?

परभणीच्या प्रक्षेत्रावर आज केलेला संकर वाण होऊन, पैदासकार, पायाभूत, प्रमाणित अशा पायऱ्या उतरून कळंबच्या कृषी सेवा केंद्रात बॅग म्हणून यायला दहा-बारा वर्षं लागू शकतात. मधल्या एखाद्या वर्षी पैदासकाराची जागा रिकामी राहिली, चाचणीचे प्लॉट निधीअभावी पेरले गेले नाहीत, तर त्याची बातमी होत नाही. हमीभाव आणि पीकविम्यासाठी कळंबच्या चौकात रास्ता रोको होतो आणि तो व्हायलाच हवा. परभणीत सोयाबीनच्या कामावर या वर्षी किती माणसं आहेत आणि त्यांना किती पैसा मिळाला, हेही त्याच निवेदनात लिहून तहसीलदारांच्या हाती द्यायला हवं.