आकडे सरकारचे, छत आपले

‘एवढ्या सालापर्यंत एवढे मेगावॅट’ अशी सौर ऊर्जेची बातमी आपण दर महिन्या-दोन महिन्यांनी वाचतो. पाठोपाठ सोसायटीत किंवा मोहल्ल्यात पॅनेल विकणारे लोक येतात. तेही सरकारी आकडे पुढे करून सांगतात, ‘आता मागे राहू नका.’ घरात चर्चा सुरू होते. दीड-दोन लाख रुपयांचा प्रश्न असतो. अशा वेळी या आकड्यांवर कितपत विसंबावे, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असायला हवे.

सुरुवात आपल्या राज्यापासून करू. अपारंपरिक ऊर्जेचे काम पाहणाऱ्या ‘महाऊर्जा’ या शासकीय संस्थेचे मुख्यालय पुण्यातच आहे. राज्याने २०१५ साली धोरण जाहीर केले, त्यात १४,४०० मेगावॅटची नवी क्षमता उभी करण्याचे ठरले. त्यातला सौर ऊर्जेचा वाटा होता ७,५०० मेगावॅट. मुदत पाच वर्षांची. प्रत्यक्षात मार्च २०२० मध्ये राज्याची सौर क्षमता दोन हजार मेगावॅटसुद्धा नव्हती. तरीही २०२० च्या अखेरीस नवे धोरण आले आणि त्यात २०२५ पर्यंत १७,३६० मेगावॅटचा आकडा आला.

म्हणजे सगळे कागदावरच राहिले का? तसे नाही. पुढच्या काही वर्षांत कामाने वेग घेतला आणि २०२५ मध्ये राज्याची सौर क्षमता दहा हजार मेगावॅटच्या पुढे गेली. जे २०२० पर्यंत व्हायचे होते, ते चार-पाच वर्षे उशिरा झाले. दिशा बरोबर होती, तारीख चुकली.

देशाची कहाणी अशीच आहे, पण तिला दुसरी बाजूही आहे. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅट, असे त्याचे लक्ष्य होते. तेव्हा अनेकांना ते अवास्तव वाटले. सुरुवातीच्या निविदांत सौर विजेचा दर युनिटला अकरा-बारा रुपये होता. मात्र पॅनेल झपाट्याने स्वस्त झाले. २०१७ मध्ये राजस्थानातील भाडला येथे हाच दर २ रुपये ४४ पैशांवर आला आणि २०,००० मेगावॅटचा टप्पा २०१८ सालीच गाठला गेला. इथे अंदाज कमी पडला होता.

दरम्यान सरकारने लक्ष्य वाढवले होते. २०२२ पर्यंत सर्व प्रकारची मिळून १,७५,००० मेगावॅट, त्यात सौर १,००,००० आणि त्यातही घरे, दुकाने, कारखाने यांच्या छतांवर ४०,०००. २०२२ संपताना एकूण आकडा सुमारे १,२०,००० होता. छतांवरचा तर दहा हजारांच्याही आत राहिला.

या तफावतीचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वाळवंटात एका कंपनीला हजार एकर जागा देता येते. शहरात हजार कुटुंबांना हजार निर्णय घ्यावे लागतात. कोंढव्यातल्या इमारतीची गच्ची सगळ्यांची असते, त्यामुळे सोसायटीची मंजुरी लागते. पेठांतल्या जुन्या वाड्यात भाडेकरू आणि मालक यांचा प्रश्न येतो. शेजारी उंच इमारत उभी राहिली की सावली पडते. दिल्लीत बसून काढलेल्या आकड्यात या अडचणी दिसत नाहीत.

चुका फक्त आपल्याकडेच होतात असेही नाही. पॅरिसमधील आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचे अंदाज जगभर प्रमाण मानले जातात. २०३० साली जगात किती सौर क्षमता असेल, याचा तिने २००९ मध्ये बांधलेला अंदाज २०१६ मध्येच मागे पडला.

तेव्हा आकडा वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात.

पहिली, हा अंदाज आहे की लक्ष्य? काय होईल हे अंदाज सांगतो, काय व्हावे हे लक्ष्य सांगते. सरकारी घोषणा बहुधा लक्ष्ये असतात, बातमीत मात्र ती भाकिते बनतात.

दुसरी, आकडा क्षमतेचा आहे की विजेचा? २०२५ मध्ये देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा, तेल, वायू यांखेरीजच्या स्रोतांचा झाला. हे लक्ष्य २०३० चे होते, म्हणजे पाच वर्षे आधीच साधले. पण देशात तयार होणाऱ्या विजेतला मोठा भाग अजूनही कोळशातूनच येतो. सूर्य रात्री नसतो आणि पावसाळ्यात ढगाआड असतो.

तिसरी, एकूण आकड्यात आपला वाटा कोणता? देशाने लक्ष्य गाठले म्हणून आपले बिल कमी होत नाही.

घराचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. पुण्यात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते आणि त्याला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपये अनुदान ठरवले आहे. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये आहेत. घराचे अनुदान यंत्रणा सुरू झाल्यावर खात्यात येते, त्यामुळे आधी पैसा आपल्यालाच उभा करावा लागतो. व्याजाचे कर्ज टाळणाऱ्या कुटुंबांनी हा मधला काळ हिशोबात धरावा. चार-पाच घरांनी मिळून बचतीतून सामायिक यंत्रणा बसवणे अनेकांना सोपे जाईल.

मागच्या बारा महिन्यांची बिले काढून त्यांतले युनिट मोजा. महिन्याला शंभर युनिट लागत असतील तर घाईचे कारण नाही. तीनशे लागत असतील तर गच्चीचे माप घ्या आणि दोन-तीन ठिकाणचे लेखी दर मागवा. ‘इतक्या वर्षांत पैसे फिटतील’ असे कोणी म्हटले, तर आजचा वीजदर आणि आजचे नियम कायम राहतील असे धरले आहे का, हे जरूर विचारा. हे दोन्ही वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलतात. बदलापूर्वी आयोग लोकांच्या हरकती मागवतो. तिथे सामान्य ग्राहकालाही लेखी म्हणणे मांडता येते, पण आपल्या वस्त्यांतून असे अर्ज फार थोडे जातात.

सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे, मुदत २०२६-२७. ते वेळेत पुरे होईल किंवा थोडे लांबेल. आपल्या गच्चीवर ऊन किती पडते आणि आपले बिल किती येते, यावर त्याचा काही परिणाम होणार नाही.