कागदाच्या कडेपर्यंत मुद्रण : वर्ड प्रोसेसर व प्रिंटर यांच्या मर्यादा

वर्ड प्रोसेसरमध्ये पानाचे चारही समास शून्य केले, म्हणजे मजकूर व चित्र कागदाच्या कडेपर्यंत छापले जाईल, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुधा पडद्यावर सूचना उमटते की, समास छपाईच्या कक्षेबाहेर जात आहेत. ती डावलून छपाई केली, तर कडेने काही मिलिमीटरांची पांढरी पट्टी राहते आणि तीत आलेली अक्षरे छापलीच जात नाहीत. हा दोष वर्ड प्रोसेसरचा मानून त्याच्या मांडणीत पुनःपुन्हा फेरफार करण्यात पुष्कळांचा वेळ जातो. वस्तुतः या बंधनाचे मूळ प्रिंटरच्या रचनेत आहे. वर्ड प्रोसेसर त्याची केवळ वार्ता देतो.

लेझर प्रिंटरमधील अक्षरे टोनर नामक अत्यंत बारीक भुकटीची असतात. ही भुकटी प्रथम ड्रमवर चिकटते, तेथून कागदावर येते आणि तापलेल्या रुळांमधून जाताना वितळून कागदाशी एकजीव होते. कागद किंचित तिरपा आला आणि भुकटी त्याच्या कडेबाहेर पडली, तर ती यंत्राच्या अंतर्भागात साचून पुढील प्रतींच्या पाठीवर डाग पाडते. शिवाय तापलेल्या रुळापासून कागद सुटावा, यासाठी त्याची पुढची कड कोरी असणे इष्ट असते. म्हणून पुष्कळ लेझर प्रिंटर चहूबाजूंनी सुमारे ४ मिलिमीटर जागा सोडतात. इंकजेट प्रिंटरचे कारण थोडे निराळे आहे. तेथे कागद रुळांच्या पकडीत असेपर्यंतच शाईचे थेंब अचूक जागी पडतात. त्याचे शेवटचे टोक मागील रुळांतून सुटले की ही अचूकता कमी होते. जुन्या इंकजेट प्रिंटरांत खालचा समास इतर समासांहून बराच मोठा असे, तो यामुळेच.

छापखान्यातील ऑफसेट यंत्रालाही कागदाची एक कड ग्रिपरच्या चिमट्यांत धरावी लागते व तेवढी पट्टी कोरी राहते. तरीही नियतकालिकांची मुखपृष्ठे कडेपर्यंत रंगलेली दिसतात, कारण ती मोठ्या कागदावर छापून मागाहून कापलेली असतात. पातीखाली कागद थोडासा इकडेतिकडे सरकतोच; रंग नेमका कडेशी थांबविला, तर तेथे पांढरी रेघ उघडी पडेल. यास्तव रंग ठरलेल्या कडेबाहेर सामान्यतः ३ मिलिमीटर वाढवितात. या वाढाव्यास छापखान्यात ब्लीड म्हणतात. ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरांचा. ब्लीडसह त्याचे क्षेत्र २१६ × ३०३ होते. अशी दोन पाने शेजारी ठेवल्यास ४३२ × ३०३ एवढी जागा लागते, आणि एसआरए-३ हा ४५० × ३२० मिलिमीटरांचा कागद ती सामावून घेऊन ग्रिपरसाठी व कापणीच्या खुणांसाठी जागा उरवितो.

काही इंकजेट यंत्रांत 'बॉर्डरलेस' छपाईची सोय असते. हीत कापणी नाही. ब्लीडचे तत्त्व मात्र तेच. यंत्र चित्र कागदाहून किंचित मोठे करते, कडेबाहेर पडणारी शाई खालच्या स्पंजात शोषली जाते आणि चित्राच्या कडा अर्थातच गळतात. छायाचित्रास याने फारसे बिघडत नाही. संशोधनाच्या सामग्रीस मात्र बिघडते. समजा, पोथीच्या पानाची किंवा ताम्रपटाची मूळ आकारातील प्रतिकृती ए-४ कागदावर छापावयाची आहे. यंत्राने प्रत्येक बाजूस ३ मिलिमीटर बाहेर जाईल इतके चित्र वाढविले, तर २१०चे २१६ होतात, म्हणजे वाढ सुमारे ३ टक्के; १०० मिलिमीटरांची ओळ १०३ भरते. उलट 'पानात बसवा' हा पर्याय निवडला आणि यंत्राने दोन्ही अंगांस ५ मिलिमीटर सोडले, तर तीच ओळ सुमारे ९५ भरते. अक्षरांची उंची किंवा पानाचे माप अशा प्रतीवरून घेणारा अभ्यासक नकळत चुकीचा आकडा नोंदवितो, आणि डोळ्यांस त्यात काहीच खटकत नाही.

मग वर्ड प्रोसेसरमधून कडेपर्यंत छापावे कसे? ए-५ आकाराच्या पुस्तिकेचे मुखपृष्ठ हे त्यातल्या त्यात सोपे उदाहरण. पानाचा आकार ए-४ ठेवावा व मध्यभागी १५४ × २१६ मिलिमीटरांचे रंगीत चित्र मांडावे. चित्राच्या प्रत्येक कडेपासून ३ मिलिमीटर आत कापावयाचे आहे हे धरून, कोपऱ्यांशी चित्राबाहेर बारीक रेघा ओढाव्यात. त्या रेघांवरून कापले असता १४८ × २१०चे पान मिळते. महत्त्वाचा मजकूर कापणीच्या रेषेला खेटून ठेवू नये. पीडीएफ करून छापताना 'वास्तविक आकार' किंवा १०० टक्के हा पर्याय निवडणे आवश्यक आहे, अन्यथा सर्व हिशेब फुकट जातो. पूर्ण ए-४ पान हवे असल्यास मात्र ए-३ घेणारा प्रिंटर किंवा छापखाना गाठणे भाग आहे.

प्रतिकृतीला तर कडेपर्यंत छपाईची गरजही क्वचितच असते. पोथीचे २५० × ११० मिलिमीटरांचे पान आडव्या ए-४ कागदावर समास राखून सहज मावते. चित्र घेतानाच वस्तूशेजारी १०० मिलिमीटरांची मापपट्टी ठेवलेली असेल, तर छापील प्रतीवर तीच पट्टी फूटपट्टीने मोजून आकार बदलला की नाही हे तत्काळ कळते.