लिव्हर सिरॉसिस झालाय? मग तोंड, घसा आणि अन्ननलिकाही तपासून घ्या

पोट फुगलं, पायाला सूज आली, सोनोग्राफीत लिव्हर सिरॉसिस निघाला. अशा वेळी घरच्यांचं सगळं लक्ष यकृताकडे जातं. घास अडकतोय, आवाज बसलाय, या तक्रारी मागे पडतात. पण दारूमुळे सिरॉसिस झालेल्यांमध्ये तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं.

दोन्हींचा संबंध काय?

सिरॉसिसमध्ये यकृत आक्रसतं, कडक होतं. त्यामुळेच घशाचा कॅन्सर होतो असं नाही. दोन्हींमागचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, दारू. तिच्यापासून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. हे फक्त यकृतात घडत नाही, तोंडातले जिवाणूही ते लाळेत तयार करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या संस्थेनं १९८८ मध्येच दारूला कॅन्सरकारक ठरवलं. त्यात बिअरही आली. वाळूज-चिकलठाण्यातल्या बिअर कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या शहरात मात्र ‘बिअरच तर आहे’ हे सहज ऐकू येतं.

त्यात तंबाखूची भर. २०१६-१७ च्या ‘गॅट्स’ सर्वेक्षणानुसार राज्यातले २४.४ टक्के प्रौढ तंबाखू खाणं, मिश्री असा बिनधुराचा तंबाखू वापरतात. दारू आणि तंबाखू एकत्र आले की धोक्याची नुसती बेरीज होत नाही, जवळपास गुणाकार होतो.

उपचार अवघड का होतात?

दाब वाढला की जलवाहिनी कमकुवत जागी फुटते, हे जायकवाडीचं पाणी पिणाऱ्यांना सांगायला नको. यकृत कडक झालं की रक्ताची वाट अडते, दाब वाढतो आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते. प्लेटलेट्सही कमी झालेल्या असतात, त्यामुळे शस्त्रक्रिया जोखमीची ठरते. केमोथेरपीच्या काही औषधांचा डोसही यकृत पाहूनच ठरवावा लागतो. म्हणून गाठ लहान असतानाच सापडणं इथं जास्त महत्त्वाचं.

तपासणी कोणती?

फुगलेल्या शिरा पाहण्यासाठी सिरॉसिसच्या रुग्णाची एन्डोस्कोपी होते. त्यात अन्ननलिका आणि जठर दिसतं. तोंड आणि स्वरयंत्र मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून वेगळं तपासून घ्यावं. तंबाखूची सवय लपवू नका. तोंडात न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, दोन-तीन आठवडे बसलेला आवाज किंवा अडकणारा घास असेल तर स्वतःहून सांगा. शहरात यासाठी घाटी आणि आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.

रोज पिणाऱ्यांनी दारू सोडावीच, पण डॉक्टरांना विचारून. अचानक बंद केल्यास झटके येऊ शकतात.