वर्गाची भिंत आणि वसईचा संत

रत्नागिरीच्या मुलाला वसई म्हटली कीं चिमाजीअप्पा आठवतो, आणि तो आठवावा हें योग्यच आहे. परंतु १७३९ च्या त्या मोहिमेच्या मागें आमचा धडा वळून पाहात नाहीं. त्याच वसईंत, सुमारें १५५६ सालीं, पोर्तुगीज बाप आणि स्थानिक आई यांच्या पोटीं गोन्सालो गार्सिया जन्मला व पुढें कॅथॉलिक धर्मपीठानें त्याला संत म्हणून गौरविलें, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांस ठाऊक नव्हती. खरें सांगावयाचें तर, नोकरीचीं पहिलीं कित्येक वर्षें मलाहि नव्हती.

श्रोतेहो, संतांची कथा नुसती सांगितली तर मुलें ती हात जोडून ऐकतात आणि घंटा होतांच विसरतात. म्हणून एका वर्षीं मीं ठरविलें कीं, सगळ्या वर्गानें मिळून ही कथा भिंतीवर काढावयाची. साहित्य साधेंच होतें : खाकी कागद, कोळसा, गेरू, खडू आणि पिठाची खळ. ऐकणारा मुलगा मान डोलावून वेळ निभावून नेतो. काढणाऱ्याला मात्र विचारावेंच लागतें.

पहिला प्रश्न आला कपड्यांचा. गोन्सालो कोवळ्या वयांत जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानांत गेला व तेथील भाषा शिकला. मग व्यापारी झाला. आणि शेवटीं मनिला येथें फ्रान्सिस्कन पंथांत साधा बंधु म्हणून शिरला. एकाच माणसाचे तीन वेष! मुलांनीं तीन गोन्सालो काढले. मिरकरवाड्याच्या एका मुलानें तर व्यापाऱ्याचें गलबतच अडवून धरलें. "गुरुजी, शीड इकडे फुगलें तर निशाण तिकडे कसें उडेल?" निशाण पुसून पुन्हां काढावें लागलें.

१५९३ सालीं गोन्सालो दुभाषा होऊन जपानांत परतला. त्या वेळीं तेथें तोयोतोमी हिदेयोशीची सत्ता होती. १५९६ त सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें आणि धर्मोपदेशकांच्या पाठोपाठ फौजा येणार, हा संशय बळावला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं मारण्यांत आलें. त्यांत गोन्सालोसह सहा फ्रान्सिस्कन होते. बाकीचे वीस ख्रिस्ती झालेले तेथलेच रहिवासी. सर्वांत धाकटा लुइस इबाराकी बारा वर्षांचा होता. १८६२ सालीं या सव्वीसहि जणांस संतपद मिळालें, आणि १९६२ सालीं त्या टेकडीवर शिल्पकार फुनाकोशी यांनीं घडविलेल्या सव्वीस ब्राँझ आकृति एका रांगेंत उभ्या राहिल्या.

ती रांगच मीं उसनी घेतली. सव्वीस उभे कागद, सव्वीस मुलें; उरलेल्यांकडे टेकडी, समुद्र आणि शिपाई. कोणीं काय काढावें हें चिठ्ठ्यांवर सोपविलें, नाहीं तर चांगला हात असलेलीं चार मुलें सगळी भिंत बळकावतात.

एक पालक रागावून आले. "आमच्या मुलांकडून पाद्री कशाला काढवतां?" (गोन्सालो पाद्री नव्हताच, ही दुरुस्ती मीं मनांतच केली.) हा इतिहासाचा धडा आहे, पूजेचा नव्हे, असें मीं सांगितलें. ते अर्धेच पटून गेले. त्यांच्या रागांतहि कांहीं तथ्य होतें. म्हणून दुसऱ्या दिवशीं मीं वर्गाला, गोव्यांत १५६० सालीं इन्क्विझिशन बसलें आणि तिनें लोकांस कसें छळलें, तेंहि सांगितलें. हिदेयोशीची भीति अगदींच हवेंतली नव्हती, हें मुलांस तेव्हां उमगलें. मग एकानें विचारलें, "पण त्या बारा वर्षांच्या मुलानें काय केलें होतें?" मजजवळ उत्तर नव्हतें.

भालेकरी शिपायाची चिठ्ठी एका मुलीला आली. ती बदलून द्या म्हणून ती रडली. मीं दिली नाहीं. दोन दिवस तिचा कागद कोराच राहिला. तिसऱ्या दिवशीं तिनें शिपाई काढून आणला. भाला हातांत होता, पण डोळे खालीं, स्वतःच्या पायांकडे लागलेले. त्या चित्राला मीं गुण दिले नाहींत. मागें तारीख तेवढी लिहिली आणि तें लुइसच्या शेजारीं चिकटविलें.