कोल्हापूरचा नेम आणि गुणांची मांडणी

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात अंतिम फेरीला १०.१ ची गोळी म्हणजे शून्य. गोळी दहाच्या वर्तुळात शिरलेली असते, जत्रेतल्या नेमबाजाला आयुष्यात एकदाही जमणार नाही इतकी मधोमध असते, तरी खात्यावर काहीच जमा होत नाही. १०.२ किंवा त्याहून सरस असेल तरच एक गुण. २२ ऑगस्ट २०१८ रोजी पालेम्बांगच्या रेंजवर कोल्हापूरची राही सरनोबत याच नियमाखाली आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी खेळली. दर गोळीला हात खालून वर आणायचा आणि तीन सेकंदांत चाप ओढायचा. अशा पन्नास गोळ्यांपैकी तिच्या ३४ लागू पडल्या. थायलंडच्या नफास्वान यांगपायबूनच्याही ३४ च. बरोबरी सोडवायला दोघींना पुन्हा पाच-पाच गोळ्या मिळाल्या. पहिल्या खेपेला ४-४, दुसऱ्या खेपेला ३-२. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी राही ही पहिली भारतीय महिला ठरली.

आता त्याच्या आठ वर्षं आधीचं म्युनिक बघा. २०१० च्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून मारायच्या रायफल प्रकारात सुवर्ण घेतलं. तिथला हिशेब अगदी सरळ होता. साठ गोळ्या, प्रत्येकीला जास्तीत जास्त दहा, सगळ्यांची बेरीज. तिचे ६०० पैकी ५९७ झाले आणि तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी झाली. या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, साधारण शर्टाच्या बटणाएवढं, आणि ते पन्नास मीटरवर असतं. अशा मोजणीत एक नऊ पडला की तो कायमचा गेला, पुढे कितीही चांगलं मारलं तरी तो भरून निघत नाही.

तिसरा हिशेब राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचा. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने कांस्य मिळवलं. या प्रकारातलं भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. पात्रता फेरीत तो ५९० गुणांसह सातवा होता आणि पहिल्या आलेल्या चीनच्या लिऊ युकुनचे ५९४ होते. पण अंतिम फेरी शून्यापासून सुरू होते. ही पद्धत २०१३ पासूनची. त्याआधी पात्रता फेरीचे गुण अंतिम फेरीत सोबत यायचे. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण घेतलं ते ५९६ अधिक १०४.५ अशा ७००.५ च्या बेरजेवर. स्वप्नीलच्या फेरीत गुडघ्यावर पंधरा, पालथं पंधरा आणि उभ्याने दहा गोळ्या झाल्यावर तळाचे दोघे बाहेर गेले, आणि मग प्रत्येक गोळीला एकेक जण गळत गेला. तिसऱ्या क्रमांकावर थांबणाऱ्याला ४४ गोळ्या मारायला मिळतात. स्वप्नीलच्या ४४ गोळ्यांचे ४५१.४ झाले, म्हणजे गोळीमागे सरासरी १०.२५ च्या वर.

पदकं तीन, जिल्हा एक, आणि मोजायच्या रीती तीन. मला यातली सर्वांत नवलाची गोष्ट वाटते ती अशी, की नेम धरण्याचं कसब तेच राहतं, पण मोजायची रीत बदलली की खेळ बदलतो. बेरजेच्या खेळात चूक टाळणं मोलाचं. लागू-नालागूच्या खेळात चूक लगेच विसरणं मोलाचं, कारण १०.१ आणि ७ यांत फरकच नाही. बाद फेरीच्या खेळात आत्ता कुणाच्या पुढे राहायचं हे महत्त्वाचं. घरात बसून नेमाचा खेळ तयार करायचा झाला, तर बंदुकीच्या आधी विचार करायचा तो याचाच.

मोजणीतली बारकाई किती खोल जाते, हे १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यात दिसतं. कोल्हापूरच्या शाहू मानेने २०१८ च्या युवा ऑलिंपिकमध्ये ब्यूनस आयर्सला रौप्य मिळवलं ते याच प्रकारात, २४७.५ गुणांनी. या लक्ष्याचा मधला ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. छर्रा मात्र साडेचार मिलिमीटरचा. छऱ्याची कड ठिपक्याला शिवली की दहा मिळतात. हिशेब केला तर छऱ्याचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. पुढचं प्रत्येक वर्तुळही अडीच मिलिमीटर अंतराने. आणि १०.९ हवे असतील तर पाव मिलिमीटरच्या आत.

आता या सारख्या रुंदीच्या दहा वर्तुळांचं एक गणित. मधल्या चकतीचं क्षेत्रफळ १ धरलं तर तिच्या भोवतालच्या पट्ट्याचं ३, त्यापुढच्याचं ५, असं करत बाहेरच्या पट्ट्याचं १९ होतं. सगळ्यांची बेरीज १००. कुणी डोळे मिटून मारलं आणि प्रत्येक गोळी लक्ष्यावर कुठंतरी लागली, तर सरासरी गुण पडतात ३.८५. जगज्जेत्याचे साडेदहा आणि डोळे मिटून मारणाऱ्याचे चाराच्या आत. आजोबा, नातू आणि गेल्या रविवारी पहिल्यांदा बंदूक हातात घेतलेली सून एकाच कागदावर खेळायला लागली, की तिसऱ्या फेरीत निकाल स्पष्ट होतो आणि उरलेला वेळ नुसती मोजदाद चालते. गोल लक्ष्यात निर्णय असा नसतोच. सगळ्यांनी कायम मधेच मारायचं.

जत्रेतल्या फुग्यांच्या फळीचंही तेच. जोतिबाच्या चैत्री यात्रेला म्हणा किंवा गावच्या उरुसाला, फळीवरचा प्रत्येक फुगा सारख्याच मोलाचा. लाल फोडा नाहीतर पिवळा, विचार करायचं कारणच नाही. मजा येते, पण ती आवाजाची.

उलट विचार करायला लावणारे नेमाचे खेळ आपल्या घरात आणि गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कॅरम घ्या. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी. राणीचे गुण तीन, पण राणी घेतली की लगेच पुढच्या शॉटला आपली सोंगटी घालून कव्हर द्यायचं, नाही जमलं तर राणी परत मध्ये. पंचवीस गुणांचा गेम, आणि एखाद्याचे बावीस झाले की त्याला राणीचे गुण मिळतच नाहीत. हा शेवटचा नियम ज्याने कुणी बसवला त्याच्या बुद्धीचं मला फार कौतुक आहे. पुढे असलेल्याला मोठा घास मिळू नये आणि मागे असलेल्याला तो खुला राहावा, इतकं सगळं त्या एका ओळीत बसलंय.

विटी-दांडूत तर याहून पुढचा डोक्याचा भाग आहे. टोला बसला की विटीपर्यंतचं अंतर दांडूने मोजतात, वकट, लेंड, मूंड, नाल असं म्हणत, आणि मोजणी ज्या शब्दावर थांबते त्यावरून पुढचा टोला कसा मारायचा ते ठरतं. आधीचा गुणच पुढचा फटका ठरवतो. लगोरीत सात चकत्या फोडणं सोपं, पण फोडणाऱ्यालाच त्या पुन्हा रचायच्या असतात. म्हणून पक्का गडी नुसती लगोरी फोडत नाही, चकत्या लांब विखरू नयेत अशी फोडतो.

परदेशी खेळांत याच्या जवळ जातो तो डार्ट्स. त्याच्या गोल फळ्यावर २० च्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ५ असतात. मोठ्या आकड्याच्या शेजारी मुद्दाम लहान आकडे. थोडं चुकलं तर मोठी किंमत. त्यात ५०१ वरून खाली उतरत नेमकं शून्यावर यायचं असतं आणि शेवटचा बाण दुप्पट मोजल्या जाणाऱ्या जागीच लागायला हवा. स्टॅनफर्डच्या संख्याशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये गणित करून दाखवलं की हात स्थिर असलेल्याने तिप्पट २० वर नेम धरावा, त्याहून कच्च्याने तिप्पट १९ वर, आणि नवख्याने फळ्याच्या मध्याजवळ जरा डावीकडे. म्हणजे प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे नेम धरायची जागा वेगळी. घरच्या खेळात हेच साधायचं आहे.

मी मांडलेला डाव असा आहे. टेबलावर सात कप. तीन मोठे, प्रत्येकी २ गुणांचे. तीन लहान, प्रत्येकी ५ गुणांचे, मोठ्यांच्या मधल्या फटींत थोडे मागे ठेवलेले. आणि एक लहान लाल कप, ती राणी, ७ गुणांची. मारायला फोमच्या गोळ्यांची खेळण्यातली बंदूक किंवा मोज्याचा गुंडाळलेला चेंडू. छऱ्याची बंदूक अजिबात नको, ती खेळणं नव्हे. फोमची गोळीही डोळ्याला इजा करू शकते, म्हणून चष्मा घालायचा, सगळ्यांनी रेघेच्या मागे थांबायचं आणि बंदुका खाली ठेवल्याशिवाय कप उचलायला कुणी पुढे जायचं नाही. रेंजवर पहिल्या दिवशी शिकवतात ती शिस्त हीच.

प्रत्येकाला एका हाताला तीन शॉट. पडलेले कप हात संपल्यावर पुन्हा उभे करायचे. राणी पडली तर तिचे गुण पुढच्याच शॉटला दुसरा कप पाडला तरच मिळतात, त्या कपाचे गुणही जमा. एकाच शॉटमध्ये राणी आणि दुसरा कप पडला तर कव्हर झालं, कॅरममध्येही तसंच मानतात. नेमके ३१ करायचे. ३१ च्या पुढे गेलात तर तो अख्खा हात फुकट, आणि २८ किंवा ३० वर आलात तरी फुकट, कारण उरलेले ३ किंवा १ हे २ आणि ५ मधून होतच नाहीत.

आता बघा यातून काय काय निघतं. समजा एखाद्याचा मोठा कप दहातून आठ वेळा पडतो आणि लहान कप दहातून तीन वेळा. मोठ्या कपाचं सरासरी मोल झालं १.६, लहान कपाचं १.५. जवळजवळ सारखंच. म्हणून कुठला मारायचा हे डाव ठरवतो, सवय नाही. २६ वर असाल तर मोठ्या कपाला हात लावायचा नाही, कारण त्याने २८ होतात. २३ वर असाल तर उलट, लहान कप विषासारखा. आणि एका शॉटमध्ये दोन कप पडले तर दोन्हींचे गुण धरायचे, त्यामुळे फटीतला लहान कप मारताना शेजारचा मोठा ढळला तर कधी नशीब उघडतं, कधी हात जातो.

सगळ्यात रंगतदार जागा आहे २२ ची. नऊ हवेत. ५, २, २ असे तिन्ही शॉट लागायला हवेत, त्याची शक्यता शंभरात १९. राणी आणि मोठा कप असा रस्ता धरला तर राणीसाठी दोन संधी मिळतात, आणि शक्यता होते शंभरात ४१. दुपटीहून जास्त. पण राणी हुकली, किंवा पडली आणि कव्हर हुकलं, तर हात रिकामाही जाऊ शकतो, आणि हळूहळू जाणाऱ्याच्या पदरात मात्र दोन-चार गुण पडलेले असतात. मागच्या गड्याचे किती झालेत हे बघून हा निर्णय घ्यायचा. दहा वर्षांच्या मुलालाही हे गणित करावंसं वाटतं, कुणी सांगावं लागत नाही.

वयाचा आणि सरावाचा फरक अंतराने भरून काढायचा. घरातल्या फरश्या त्यासाठी आयत्या मोजपट्ट्या आहेत. आजी दोन फरश्यांवरून, कॉलेजची मुलं पाच फरश्यांवरून. डाव जिंकला की पुढच्या डावाला एक फरशी मागे, शेवटचा आला की एक पुढे. काही डावांत प्रत्येकजण आपापल्या अंतरावर येऊन थांबतो आणि मोठा कप सगळ्यांनाच साधारण सारखा सोपा होतो. ऑलिंपिकची बाद फेरी मात्र घरात आणू नये असं माझं ठाम मत आहे. तिथे सगळ्यात आधी बाहेर जातं ते घरातलं सर्वांत लहान पोर, आणि मग ते रुसून आतल्या खोलीत जातं. कुणी ३१ गाठले तरी फेरी पूर्ण करायची, म्हणजे सगळ्यांना सारखे शॉट मिळतात. दोघांचे ३१ झाले तर राहीच्या अंतिम फेरीसारखी बरोबरी सोडवायची. फक्त लहान कप, लागला किंवा नाही लागला.

डाव हातात बसला की एक बदल करून बघावा. लहान कपाचे ५ ऐवजी ६ गुण करायचे. आता २ आणि ६ दोन्ही सम, आणि ३१ विषम. राणीचे ७ घेतल्याशिवाय कुणाचाच डाव संपू शकत नाही, आणि राणीसोबत कव्हरचे किमान २ येतात म्हणून ती २२ वर असताना किंवा त्याआधीच घ्यावी लागते. राणीशिवाय २४ किंवा त्याहून वर गेलेला हात फुकट धरायचा.