वरच्या मजल्यावरची पंगत

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी न्यू ऑर्लिन्समधल्या 'डूकी चेस' रेस्टॉरंटमध्ये 'गंबो झेर्ब' मिळतो. वर्षातून त्या एकाच दिवशी. मोहरी, सलगम, बीट आणि गाजर यांचा पाला, कोलार्ड, कोबी, पालक, लेट्यूस आणि वॉटरक्रेस अशा नऊ भाज्या निवडून, धुऊन, शिजवून बारीक वाटतात. ज्या पाण्यात त्या शिजल्या ते पाणी टाकत नाहीत, रस्सा त्याचाच होतो. दुसरीकडे 'शोरिस' नावाचं झणझणीत सॉसेज परततात, त्याच्या सुटलेल्या चरबीत मैदा भाजतात आणि मग वाटलेला पाला, धुरावलेलं हॅम, गोमांसाचे तुकडे असं सगळं मोठ्या पातेल्यात रटरटत ठेवतात. शेवटी ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड घालून गरम भातावर वाढतात. भाज्यांची संख्या विषम हवी, आणि जितक्या भाज्या तितके नवे मित्र वर्षभरात जोडले जातात, असा तिथला समज आहे. आपल्या ऋषिपंचमीच्या भाजीची आठवण करून देणारा हा पदार्थ, फक्त उपवासाच्या आदल्या दिवशी पोटभर खायचा.

ससाफ्रासची पूड चोक्टॉ आदिवासींकडून आली. मैदा भाजून रस्सा दाट करण्याची रीत फ्रेंचांची. एरवीच्या गंबोत पडणारी भेंडी गुलामांच्या जहाजांच्या मार्गाने आफ्रिकेतून आली. या सगळ्याचा एक पदार्थ केला तो घराघरांतल्या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणींनी. पदार्थाला मात्र बराच काळ फ्रेंच वारसा म्हणून मिरवलं गेलं.

डूकी चेसची कीर्ती झाली ती लिया चेस यांच्यामुळे. १९२३ साली जन्मलेल्या लिया लुइझियानातल्या मॅडिसनव्हिल या छोट्या गावात वाढल्या. गावात कृष्णवर्णीय मुलींसाठी कॅथलिक माध्यमिक शाळा नव्हती, म्हणून शिकायला न्यू ऑर्लिन्सला आल्या. पुढे तिथल्या फ्रेंच क्वार्टरमध्ये वेट्रेस म्हणून काम करू लागल्या. ज्या टेबलावर त्या ताटं मांडत, तिथे गिऱ्हाईक म्हणून बसायची त्यांना मुभा नव्हती. १९४६ मध्ये त्यांचं लग्न एडगर 'डूकी' चेस यांच्याशी झालं. डूकी ट्रम्पेटवादक आणि स्वतःच्या बँडचे प्रमुख. सासरचं दुकान ट्रेमे भागात, सँडविच आणि लॉटरीची तिकिटं विकणारं. शुक्रवारी पगाराचे धनादेश वटवायलाही लोक तिथे येत, कारण अनेकांना बँकेचं दार बंदच होतं.

लियांनी या दुकानाचं रेस्टॉरंट करायचं ठरवलं. टेबलांवर पांढरे कपडे आले, काट्या-चमच्यांची नीट मांडणी आली. पहिल्या उत्साहात त्यांनी 'लॉबस्टर थर्मिडॉर' हा फ्रेंच पदार्थही करून पाहिला. लोकांनी तो नाकारला. मग त्या गंबो, तळलेलं चिकन, लाल राजमा अशा घरच्या क्रिओल जेवणाकडे वळल्या. कृष्णवर्णीय चित्रकारांना शहरातल्या दालनांत जागा मिळत नसे, म्हणून त्यांची चित्रं लियांनी जेवणघराच्या भिंतींवर लावली. लग्नाचा वाढदिवस असो वा पदवीचा आनंद, सन्मानाने बसून जेवण्यासाठी त्या समाजाला शहरात एक जागा झाली.

ही जागा ट्रेमेत होती, यालाही अर्थ आहे. होमर प्लेसी नावाचा चांभारकाम करणारा माणूस याच भागातला. १८९२ मध्ये तो ठरवून गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या रेल्वेच्या डब्यात बसला आणि त्याला अटक झाली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १८९६ मध्ये निकाल विरोधात लागला आणि सोयी 'समान' असतील तर वेगळं बसवणं घटनेला धरून आहे, असं तत्त्व देशभर रूढ झालं. रेल्वेपासून शाळा, इस्पितळं आणि खाणावळींपर्यंत त्याचा फास आवळत गेला. काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एका टेबलावर जेवणं दक्षिणेत गुन्हा ठरला. रोटीबंदी मोडण्यासाठी सहभोजनं घालणाऱ्या महाराष्ट्राला यातला अपमान वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

डूकी चेसच्या वरच्या मजल्यावर हा कायदा नित्यनेमाने मोडला जाई. नागरी हक्कांचे वकील आणि कार्यकर्ते, काळे आणि गोरे, तिथे एकत्र बसत. थर्गुड मार्शल आले, मार्टिन ल्यूथर किंग आले. १९६१ मध्ये आंतरराज्य बसप्रवासातला वंशभेद मोडायला निघालेले आणि वाटेत मार खाल्लेले फ्रीडम रायडर्स न्यू ऑर्लिन्सला पोहोचले, तेव्हा त्यांना लियांच्या हातचं जेवण मिळालं. इतक्या लोकप्रिय ठिकाणी धाड घातली तर गावात ओरड होईल, म्हणून पोलीस आत शिरायला कचरत. हल्ला मात्र झालाच. एकदा रेस्टॉरंटवर बॉम्ब फेकला गेला. तरीही वर बैठका चालू राहिल्या आणि खालून गंबोची भांडी वर जात राहिली. चळवळीचे इतिहास भाषणांनी आणि खटल्यांनी भरलेले असतात, पण रात्रभर खल करणाऱ्या माणसांना कुणीतरी जेवू घालावंच लागतं. लियांचं काम इतिहासाच्या तळटीपेत टाकण्याजोगं नाही, ते मजकुरातच यायला हवं.

याच ट्रेमेच्या कडेला काँगो स्क्वेअर आहे. फ्रेंच राजवटीच्या १७२४ च्या गुलामविषयक कायद्याने रविवारी काम करून घ्यायला बंदी होती. त्या सुट्टीत गुलाम एकत्र जमत. १८१७ मध्ये शहराने फर्मान काढून हे जमणं एकाच जागेपुरतं आखून टाकलं, ती ही जागा. १८१९ मध्ये अमेरिकेच्या कॅपिटॉल इमारतीचे वास्तुरचनाकार बेंजामिन लॅट्रोब इथे आले, तेव्हा पाच-सहाशे माणसं रिंगणं करून नाचत होती. लॅट्रोबनी ढोलांचं आणि भोपळ्याच्या तंतुवाद्याचं वर्णन लिहून ठेवलं. इंग्रजांच्या साउथ कॅरोलायनात १७३९ च्या बंडानंतर गुलामांच्या ढोलांवर कायद्याने बंदी आली होती. इथे ढोल वाजत राहिला, आणि पुढे जॅझ याच शहरात जन्मला.

तिथे बाजारही भरे. स्त्रिया 'कालास' विकत, म्हणजे शिजवलेल्या तांदळाचे तळलेले गोड वडे. स्पॅनिश अमलात गुलामाला ठरलेली किंमत भरून स्वतःला सोडवून घेण्याचा हक्क होता. वड्यांच्या टोपलीतून पैसा पैसा साठवून काही स्त्रियांनी स्वतःचं, तर काहींनी पोरांचं स्वातंत्र्य विकत घेतलं.

खाणं आणि गाणं या शहरात कधीच वेगळं पडलं नाही. सोमवार हा धुण्याचा दिवस, म्हणून त्या दिवशी चुलीवर राजमा मंद शिजत ठेवायचा आणि भातावर घालून खायचा, ही रीत अजून आहे. १९०१ मध्ये इथे जन्मलेले जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग पत्राखाली सही करताना आपल्या नावाआधी याच राजमा-भाताची आठवण काढत. १९५६ मध्ये लुइझियानाने काळ्या-गोऱ्यांच्या एकत्र खेळांवर, नाचांवर आणि मनोरंजनाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. आर्मस्ट्राँग यांच्या बँडमध्ये दोन्ही वर्णांचे वादक होते. बँड मोडण्याऐवजी त्यांनी आपल्या गावात वाजवणंच सोडलं, ते थेट १९६५ पर्यंत.

त्याआधी वर्षभर, १९६४ मध्ये, आर्मस्ट्राँग मुंबईत वाजवून गेले होते. मुंबईला हे सूर तेव्हा नवे नव्हते. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय बँड ताजमहाल हॉटेलात आला, मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. मायदेशात ज्यांना मागच्या दारानं आत यावं लागे, त्यांच्याकडून गोव्याचे तरुण वादक शिकले. त्यांच्यातले हळदोण्याचे अंतोनियो शावियेर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले, भारताचे आर्मस्ट्राँग म्हणवले गेले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्यासोबत त्यांनी काम केलं. १९५१ च्या 'अलबेला'तल्या पितळी वाद्यांच्या ठसक्यात न्यू ऑर्लिन्सचा वाटा आहे.

हे सगळं विसरलं जाऊ नये म्हणून अमेरिकेत दर फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात. त्याचं बीज कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये एका आठवड्याच्या रूपाने रोवलं. अब्राहम लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस या दोघांचे जन्मदिन ज्यात येतात तो आठवडा त्यांनी निवडला. वुडसन यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. त्यांनी स्वतः हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. १९७६ मध्ये आठवड्याचा महिना झाला. या महिन्यात शाळा-कॉलेजांत मेजवान्या होतात, गाणी होतात, आणि अनेकदा कुणालाही न विचारता तळलेलं चिकन आणि कलिंगड मांडून मोकळं होण्याचा आळसही होतो. त्यावर विद्यार्थी संतापतात, ते योग्यच आहे. पदार्थ खरा असला तरी तो कुणी, कुठे, कशासाठी केला हे गाळलं की उरते ती याच पदार्थांवरून होणारी कृष्णवर्णीयांची जुनी टिंगल.

हे गाळायचं नाही, असं रूडी लोम्बार्ड यांनी ठरवलं. १९६० च्या सप्टेंबरात कॅनॉल स्ट्रीटवरच्या एका दुकानात, गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या जेवणाच्या काउंटरवर तीन सहकाऱ्यांसह बसल्याबद्दल या विद्यार्थ्याला अटक झाली. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्वांच्या शिक्षा रद्द केल्या. पुढच्याच वर्षी नागरी हक्क कायदा आला आणि हॉटेल-खाणावळींतला भेद देशभर बेकायदा ठरला. काउंटरवर बसायचा हक्क मिळवलेला हा माणूस मग काउंटरमागच्या माणसांकडे वळला. नॅथॅनिएल बर्टन या शेफबरोबर त्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या पंधरा कृष्णवर्णीय उस्ताद स्वयंपाक्यांच्या पाककृती, त्यांच्या नावानिशी, 'क्रिओल फीस्ट' या पुस्तकात आणल्या. १९७८ मध्ये निघालेल्या या पुस्तकाच्या प्रकाशनगृहातल्या संपादक होत्या कादंबरीकार टोनी मॉरिसन. त्या पंधरांत लिया चेसही आहेत.

२००५ च्या कतरिना वादळाचं पाणी डूकी चेसमध्ये शिरलं. चित्रं घरच्यांनी वेळीच हलवली होती. ऐंशी ओलांडलेल्या लिया समोरच्या रस्त्याकडेला ट्रेलरमध्ये राहिल्या, आणि २००७ मध्ये रेस्टॉरंट पुन्हा उघडलं. २०१९ मध्ये, ९६ व्या वर्षी त्या गेल्या. आता पुढच्या पिढ्या ते चालवतात.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या न्यू ऑर्लिन्स सहलीत फ्रेंच क्वार्टर असतोच. तिथली रॅम्पार्ट स्ट्रीट ओलांडली की लुई आर्मस्ट्राँग यांच्या नावाचं उद्यान लागतं. काँगो स्क्वेअर त्यातच आहे, आणि उद्यानामागून ऑर्लिन्स अव्हेन्यूने पुढे गेलं की डूकी चेस. एक दुपार तिकडे जरूर काढावी, आणि जेवताना भिंतींवरच्या चित्रकारांची नावंही वाचावीत.