पाळीव प्राण्यांचा परदेशप्रवास : आरोग्यविषयक अटी आणि त्यामागील अर्थशास्त्र

मुंबईहून पॅरिसला निघालेला कुत्रा आणि मॉरिशसहून पॅरिसला निघालेला कुत्रा यांना युरोपीय संघाचे नियम सारखे नाहीत. दोघांच्याही त्वचेखाली ओळख पटवणारी मायक्रोचिप असावी लागते, दोघांनाही रेबीजची लस दिलेली असावी लागते. मुंबईच्या कुत्र्याच्या रक्ताची मात्र तपासणी होते आणि त्यानंतर त्याला किमान ३ महिने थांबावे लागते. मॉरिशसच्या कुत्र्याला या दोन्ही गोष्टींतून सूट आहे. दोन्ही कुत्री एकाच जातीची, एकाच वयाची आणि एकाच कंपनीची लस घेतलेली असली तरी हा फरक कायम राहतो. याचाच अर्थ असा की, येथे केवळ प्राणी तपासला जात नाही. तो ज्या देशातून आला त्या देशाची रोगस्थिती आणि तेथील पशुवैद्यकीय व्यवस्थेची विश्वासार्हता तपासली जाते. शिक्षण व नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्या भारतीय कुटुंबांची संख्या वाढत असल्यामुळे हा प्रश्न आता मूठभर श्रीमंतांचा राहिलेला नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर बाह्य परिणाम, माहितीची विषमता आणि सार्वजनिक वस्तू या तीनही संकल्पना त्यात एकत्र पाहावयास मिळतात.

रोगाचे स्वरूप

या अटींच्या केंद्रस्थानी रेबीज हा रोग आहे. पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून विषाणू जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूपर्यंत पोहोचतो. हा प्रवास काही आठवड्यांत पूर्ण होतो, कधी अनेक महिने चालतो. या काळात प्राणी पूर्णपणे निरोगी दिसतो आणि त्याला संसर्ग झाला आहे किंवा नाही हे सांगणारी खात्रीशीर चाचणी उपलब्ध नाही. एकदा लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. विमानतळावरील पशुवैद्य कितीही निष्णात असला तरी समोरच्या कुत्र्याकडे पाहून तो निर्णय देऊ शकत नाही. त्यामुळे सारा भर कागदपत्रांवर आणि काळ जाऊ देण्यावर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजमुळे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० मृत्यू होतात आणि मानवी रुग्णांपैकी ९९ टक्क्यांपर्यंत रुग्णांना हा संसर्ग कुत्र्यांपासून होतो. भारतातील मृत्यूंचा आकडा दीर्घकाळ १८,००० ते २०,००० असा दिला जात असे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२-२३ मध्ये केलेल्या घरोघरच्या सर्वेक्षणावर आधारित अंदाज मात्र ५,७२६ इतका आहे. त्याच पाहणीनुसार वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणीदंश होतात आणि त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कुत्र्यांचे असतात. विद्यार्थ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून रोग इतका घटला असा सरळ निष्कर्ष काढू नये. लसोपचाराचा प्रसार झाला हे खरे, परंतु मोजण्याच्या पद्धतीही वेगळ्या आहेत.

सहा महिन्यांचा तुरुंगवास ते मायक्रोचिप

ब्रिटनने १९०२ मध्ये रेबीजचे उच्चाटन केले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, चोरून आणलेल्या कुत्र्यांमुळे तो रोग परत आला आणि पुन्हा संपवण्यास १९२२ साल उजाडले. या अनुभवामुळे बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला व मांजराला सहा महिने सरकारमान्य कोंडवाड्यात ठेवण्याचा नियम ब्रिटनने विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सोडला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये ठराविक देशांतून येणाऱ्या प्राण्यांसाठी पर्यायी योजना सुरू झाली आणि १ जानेवारी २०१२ पासून भारतासारख्या देशांतून येणाऱ्या प्राण्यांनाही रक्ततपासणी व ३ महिन्यांची प्रतीक्षा या अटींवर कोंडवाड्याविना प्रवेश मिळू लागला. तोपर्यंत लंडनला बदली झालेल्या भारतीय कुटुंबाला आपला कुत्रा सहा महिने पिंजऱ्याबाहेरूनच पाहावा लागे, आणि त्या मुक्कामाचा खर्चही भरावा लागे.

आजच्या अटींचा क्रम पाहिला की त्यांतील तर्क स्पष्ट होतो. प्रथम मायक्रोचिप बसवावी लागते. ती तांदळाच्या दाण्याएवढी असून तिच्यात १५ अंकी क्रमांक असतो. लस त्यानंतरच, किंवा त्याच दिवशी, दिलेली असली पाहिजे. आधी दिलेली लस युरोपच्या दृष्टीने दिलेलीच नसते, कारण ती याच प्राण्याला दिली गेली याचा पुरावा राहत नाही. लसीच्या वेळी प्राणी किमान १२ आठवड्यांचा असावा लागतो. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घेऊन तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक वा त्याहून अधिक भरले तर, नमुना घेतल्याच्या दिवसापासून ३ महिने मोजले जातात.

रक्तात पुरेशी प्रतिपिंडे आढळल्यावर पुन्हा ३ महिने कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. लस घेण्यापूर्वीच प्राण्याला संसर्ग झालेला असेल तर चाचणी त्याला पकडू शकत नाही. दडलेला रोग उघड होण्यासाठी काळच जावा लागतो. युरोपातच चाचणी उत्तीर्ण होऊन भारतात आलेला प्राणी परत जात असेल, तर त्याला ही प्रतीक्षा माफ असते. जोखमीच्या प्रदेशात पाऊल ठेवण्यापूर्वीच तो सुरक्षित झालेला होता, हे त्याचे कारण. पुढील लस वेळेवर दिली जात राहिली तर ही चाचणी पुन्हा करावी लागत नाही. एक दिवस जरी उशीर झाला तरी सारी साखळी तुटते आणि प्रक्रिया आरंभापासून करावी लागते. अखेरीस सरकारी पशुवैद्याच्या आरोग्य प्रमाणपत्रानंतर १० दिवसांच्या आत युरोपात प्रवेश करावा लागतो. फिनलंड, आयर्लंड, माल्टा व नॉर्वे येथे जाणाऱ्या कुत्र्यांना त्याखेरीज पट्टकृमीनाशक औषध प्रवेशापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान द्यावे लागते. मांजरांना ते लागू नाही, रेबीजच्या बाकीच्या अटी मात्र आहेत.

अन्य देशांचे नियम कमी-अधिक कडक आहेत. १९५७ पासून प्राण्यांतील रेबीजपासून मुक्त असलेला जपान रक्ततपासणीनंतर १८० दिवसांची प्रतीक्षा मागतो. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट येणारा कुत्रा वा मांजर स्वीकारतच नाही. प्राणी आधी एखाद्या मान्यताप्राप्त देशात नेऊन तेथील अटी पूर्ण कराव्या लागतात. हॉलिवूडच्या एका नटाच्या दोन लहानग्या कुत्र्यांना २०१५ मध्ये त्या देशाने परत पाठवले होते, तेव्हा विमान खाजगी असल्याने काहीही फरक पडला नाही.

प्रमाणपत्राचा बाजार

अमेरिकेने कुत्र्यांमधून पसरणाऱ्या रेबीजच्या प्रकारापासून मुक्त झाल्याचे २००७ मध्ये जाहीर केले. करोना साथीच्या काळात मात्र अपुऱ्या व बनावट लसीकरण दाखल्यांसह येणाऱ्या कुत्र्यांचे प्रमाण वाढल्याचे तेथील रोग नियंत्रण केंद्राला आढळले आणि जुलै २०२१ मध्ये भारतासह शंभराहून अधिक जोखमीच्या देशांतून होणारी कुत्र्यांची आयात तात्पुरती थांबवण्यात आली. १ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम आले. त्यांनुसार कुत्रा किमान ६ महिन्यांचा हवा आणि त्याला मायक्रोचिप हवी. जोखमीच्या देशात लस घेतलेल्या कुत्र्यासाठी सरकारी पशुवैद्याने साक्षांकित केलेला दाखला हवा, नेमून दिलेल्या विमानतळांपैकी एकावरच उतरायला हवे, आणि रक्ततपासणीचा अहवाल नसेल तर २८ दिवस संगरोध सोसायला हवा. मांजरांसाठी केंद्रीय पातळीवर रेबीजच्या लसीचीही अट नाही.

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले की, चांगला व वाईट माल ओळखता न आल्यास ग्राहक साऱ्या मालालाच कमी किंमत देतो. पशुवैद्यकीय दाखल्यांचे नेमके हेच झाले. काहींनी खोटे कागद केले आणि त्याची किंमत प्रामाणिक मालकांनी मोजली. रक्ततपासणी म्हणजे विश्वासाची ही तूट भरून काढण्याचा महागडा उपाय होय.

भारतात या शेवटच्या टप्प्याची जबाबदारी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाच्या अखत्यारीतील पशु संगरोध व प्रमाणन सेवेकडे आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद येथे तिची केंद्रे आहेत. नागपूर वा गुवाहाटीच्या मालकालाही यांपैकी एका शहराचा प्रवास चुकत नाही.

अटी घालण्याचा अधिकार कोणाला?

१९२० मध्ये भारतातून ब्राझीलकडे निघालेले वशिंडाचे गोवंशीय प्राणी बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबले आणि त्यांच्यासोबत बुळकांड्या रोग युरोपात पोहोचला. त्या हाहाकारातून २५ जानेवारी १९२४ रोजी पॅरिस येथे २८ देशांनी आंतरराष्ट्रीय पशुरोग कार्यालय स्थापन केले. तेच आज जागतिक पशुआरोग्य संघटना म्हणून ओळखले जाते. १९९५ मध्ये अमलात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या स्वच्छता व वनस्पतिस्वच्छता करारानुसार प्रत्येक देशाला मनुष्य, प्राणी व वनस्पती यांच्या संरक्षणासाठी निर्बंध घालता येतात. मात्र ते शास्त्रीय पुराव्यावर आधारलेले असावेत, आणि प्राण्यांच्या बाबतीत याच संघटनेची मानके आधार मानावीत अशी अपेक्षा आहे. हा करार दुधारी आहे. बर्ड फ्लूच्या कारणास्तव भारताने अमेरिकी कोंबडी उत्पादनांवर घातलेली बंदी या मानकांशी जुळत नाही, असा निकाल २०१५ मध्ये भारताच्या विरोधात गेला. रोगमुक्त प्रदेशाला देशापासून वेगळे मानण्याचे तत्त्वही त्या खटल्यात केंद्रस्थानी होते.

हे तत्त्व आपल्याला उपयोगी पडू शकेल का? गोव्यात कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण, शाळांतून प्रबोधन आणि रुग्णशोध यांची सांगड घातल्यावर रेबीजचे मानवी मृत्यू शून्यावर आले, अशी नोंद २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. त्याआधी २०२१ मध्ये गोवा सरकारने राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केले होते. तथापि गोव्यातून निघणारे मांजर युरोपच्या दृष्टीने भारतीय मांजरच राहते. पाळीव प्राण्यांच्या बाबतीत याद्या देशवार आहेत, आणि राज्यांच्या सीमेवर कुत्र्यांना अडवणारी व्यवस्था नसताना वेगळी वागणूक मागणे कठीणच आहे.

येथेच सार्वजनिक वस्तूचा प्रश्न येतो. एखादा मालक आपल्या कुत्र्याला दरवर्षी लस देतो, परंतु देशाची रोगस्थिती तो विकत घेऊ शकत नाही. ती रस्त्यावरच्या कुत्र्यांवर अवलंबून असते, आणि त्यांच्या लसीकरणाचा खर्च करण्यात कोणत्याही एका व्यक्तीचा स्वार्थ नसतो. साखळी तोडण्यासाठी सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळावी लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांमार्फत पसरणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत उच्चाटन करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, आणि २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी नसबंदी व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली. प्रस्तुत लेखकाच्या मते या आराखड्याची कच्ची बाजू लसीची उपलब्धता ही नसून नगरपालिकांची आर्थिक क्षमता ही आहे.

युरोपच्या सवलतीच्या यादीत प्रवेश मिळवण्याचे निकष मात्र वाटतात तितके दुर्गम नाहीत. रेबीजची नोंद कायद्याने सक्तीची असावी, निदान दोन वर्षे प्रभावी देखरेख चालू असावी, पशुवैद्यकीय सेवा दाखल्यांची हमी देण्याइतकी सक्षम असावी आणि लसींच्या विक्रीवर नियंत्रण असावे, अशी अपेक्षा २००३ च्या युरोपीय नियमावलीत मांडली होती. देशात रेबीज अजिबात नसावा, अशी अट त्यात नव्हती. वटवाघळे, रॅकून आणि स्कंक यांच्यात आजही रेबीज आढळणारी अमेरिका त्या यादीत आहे, कारण तेथे आढळलेला प्राणी प्रयोगशाळेत तपासला जातो आणि मोजला जातो. आपल्याकडे पिसाळल्याच्या संशयावरून मारले जाणारे बहुतेक कुत्रे कोणत्याही प्रयोगशाळेपर्यंत पोहोचत नाहीत.